यंत्र बदलले, प्रोग्रॅम तोच : कोबोलची घडण

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या एखाद्या कचेरीने नवा संगणक घेतला, की जुन्यावर बसवलेले पगारपत्रकाचे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची आज्ञावली वेगळी होती. ग्रेस हॉपर यांच्या गटाने तयार केलेली ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा इंग्रजी शब्दांत लिहिता येई, पण ती चाले फक्त युनिव्हॅक संगणकांवर. ग्राहक एकदा एका कंपनीकडे गेला, की तिथेच अडकून पडे.

याची सर्वांत मोठी झळ अमेरिकेच्या संरक्षण खात्याला बसत होती. त्यांच्याकडे २२५ संगणक होते, आणखी १७५ मागवलेले होते आणि प्रोग्रॅम लिहिण्यावर वीस कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला होता. बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी समाईक व्यावसायिक भाषेचा विषय लावून धरला. मे १९५९मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक भरली आणि एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे उत्पादक एका टेबलाशी बसले. या भाषेचा, म्हणजे कोबोलचा, तपशीलवार आराखडा मात्र जीन सॅमेट, हॉवर्ड ब्रॉमबर्ग, गर्ट्रूड टिअर्नी अशा सहा जणांच्या उपसमितीने रचला. हॉपर यांना कोबोलची जननी म्हणतात, पण त्या या उपसमितीत नव्हत्या. त्यांचा वाटा फ्लो-मॅटिकमधून आला.

कोबोलच्या प्रोग्रॅमचे चार विभाग असतात : ओळख, परिसर, माहिती आणि कृती. यंत्राशी बांधलेल्या गोष्टी, म्हणजे संगणक कोणता, फाइल कुठल्या उपकरणावर, या सगळ्या परिसर विभागात कोंडलेल्या. यंत्र बदलले तर मुख्यतः तेवढा भाग बदलायचा, हिशेबाला हात लावायचा नाही. माहिती विभागात रकमेचे रूप सांगायचे : दशांशाआधी सहा अंक, नंतर दोन. ते आकडे मेमरीत कसे बसवायचे, हे प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने पाहायचे.

कसोटी झाली डिसेंबर १९६०मध्ये. एकच प्रोग्रॅम, किरकोळ फेरफार करून, आधी आरसीए ५०१वर आणि मग युनिव्हॅक २वर चालला. पहिले यंत्र ट्रान्झिस्टरचे, मेमरीत प्रत्येक अक्षराला वेगळा पत्ता देणारे. दुसऱ्यात मेमरीचा प्रत्येक कप्पा बारा अक्षरांचा. दोन्हींची रचना इतकी निराळी असूनही हिशेब जमला.

तरीही निव्वळ गुणांवर कोबोल टिकली नसती. संगणक विकायचा असेल, तर त्यावर कोबोल हवी, असा आग्रह अमेरिकी सरकारने धरला आणि उत्पादकांना मुकाट्याने कंपायलर लिहावे लागले. १९६८मध्ये राष्ट्रीय मानकही आले.

पण समाईक भाषेच्या या करारात फटी राहिल्याच. कोणते भाग प्रत्येकाने द्यायचे आणि कोणते ऐच्छिक, यात सुरुवातीपासून सूट होती. प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीची कलमे घुसवली. क्रम लावतानाही घोटाळा होई : आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात अंक अक्षरांनंतर येतात, तर आस्की संकेतात अक्षरांआधी. त्यामुळे तीच यादी दोन यंत्रांवर वेगळ्या क्रमाने छापली जाई.

या फटींतूनच मुंबईला काम मिळाले. १९७४च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या सुरुवातीच्या निर्यात कामांपैकी एक होते बरोजच्या मध्यम संगणकांसाठी कोबोलमध्ये लिहिलेले रुग्णालयाचे प्रोग्रॅम त्याच कंपनीच्या लहान संगणकांच्या कोबोलमध्ये आणण्याचे. यंत्रनिरपेक्ष म्हणवणारी भाषा एकाच कंपनीच्या दोन यंत्रांवर सारखी नव्हती! पुढे सन २०००च्या तारखांच्या दुरुस्तीत अशाच जुन्या कोबोलने भारतीय प्रोग्रॅमरांना मोठे काम दिले.

कोबोलच्या लांबलचक वाक्यरचनेची संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी भरपूर टिंगल केली, आणि त्यात तथ्यही होते. पण यंत्राला न बांधलेली भाषा केवळ हुशार रचनेतून होत नाही. त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांमधला करार लागतो आणि तो पाळायला लावणारा खमक्या ग्राहक लागतो. कोबोलला दोन्ही मिळाले. म्हणूनच ज्यांच्यासाठी ती घडली, ते सगळे संगणक भंगारात गेल्यावरही बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब आज तिच्यात चालतात.