फिप्सची भूमिका करणारा माणूस

ऑस्कर वाइल्डच्या 'ॲन आयडियल हजबंड'चा विषय निघाला की लोक लॉर्ड गोरिंगच्या चुरचुरीत संवादांकडे वळतात. माझे कुतूहल मात्र कित्येक वर्षे त्याच्या नोकरापाशी, फिप्सपाशी अडकून बसले आहे. धन्याच्या कोटाला लावायचे फूल आणून द्यावे, आल्यागेल्याची वर्दी द्यावी, एवढेच त्याचे काम. ३ जानेवारी १८९५ रोजी लंडनच्या हेमार्केट थिएटरात पहिला प्रयोग झाला. प्रिन्स ऑफ वेल्स जातीने हजर होते. आणि फिप्स झाला होता चार्ल्स ब्रुकफील्ड, त्या काळचा नावाजलेला विनोदी नट आणि नाटककार. एवढ्या नटाने एवढीशी भूमिका का घ्यावी? वाइल्डची वाक्ये जितकी कमी पाठ करावी लागतील तितके बरे, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे.

नाटकाचे कथानक मराठी वाचकाला नवे नाही. वि. वा. शिरवाडकरांनी १९४६ साली 'दूरचे दिवे' लिहिले ते याच नाटकावरून. सर रॉबर्ट चिल्टर्नने तरुणपणी सुएझ कालव्याच्या शेअरचे सरकारी गुपित विकलेले असते. त्याचे ते पत्र मिसेस चेव्हली या बाईच्या हाती असते. ही बाई एके काळी गोरिंगची वाग्दत्त वधू. ती परत येते आणि गोरिंगपुढे सौदा मांडते: माझ्याशी लग्न कर, पत्र घेऊन जा. इकडे चिल्टर्नच्या बायकोने घाबरून गोरिंगला लिहिलेली चिठ्ठी प्रेमपत्र म्हणून नवऱ्यापर्यंत पोचते. म्हणजे संसार धोक्यात येतो तो जुन्या प्रेमामुळे कमी आणि कुणीतरी जपून ठेवलेल्या कागदामुळे जास्त.

रायपूरकरांना हा उमरावी दिवाणखाना परका वाटू नये. राजकुमार कॉलेज जबलपूरहून इथे आले ते १८९४ साली, हे नाटक रंगमंचावर येण्याच्या आदल्या वर्षी. छत्तीसगडच्या संस्थानिकांची मुले तिथे साहेबी रीतभात शिकत होती. 'दूरचे दिवे' आले तेव्हा ही संस्थाने अखेरच्या घटका मोजत होती. १ जानेवारी १९४८ला चौदाही संस्थाने मध्य प्रांतात विलीन झाली. घराण्याचे नाव आणि त्यामागे दडवलेले कागद हा मामला आपल्याकडेही चांगलाच परिचयाचा होता.

पण मला ओढ ब्रुकफील्डची, आणि त्याचे कारण त्याच्या घरात सापडते. त्याची आई जेन. वडील विल्यम धर्मोपदेशक. वडिलांचा केंब्रिजपासूनचा मित्र म्हणजे 'व्हॅनिटी फेअर'चा कर्ता थॅकरे. थॅकरेची पत्नी मनोरुग्ण झाली होती, आणि तो जेनमध्ये गुंतत गेला. त्या प्रेमात शरीरसंबंध नव्हता असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरी १८५१ साली विल्यमचा संयम सुटला, खडाजंगी झाली, दारे बंद झाली. चार्ल्स जन्मला त्यानंतर, १८५७मध्ये. दोघेही पुरुष वारल्यावर, १८८७ साली, जेनने थॅकरेची पत्रे छापून टाकली. जपलेल्या कागदाला बाजारात किंमत येते, हे चार्ल्सने घरातच पाहिले होते.

१८९२मध्ये त्याने 'द पोएट अँड द पपेट्स' लिहून वाइल्डची टर उडवली. कवी झाला होता चार्ल्स हॉट्री, जो पुढे १८९५मध्ये लॉर्ड गोरिंग झाला. चरित्रकार सांगतात की मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरीला वाइल्डविरुद्ध पुरावे गोळा करून देण्यात या दोघांचा हात होता. आपल्या मुलाशी, लॉर्ड आल्फ्रेड डग्लसशी, वाइल्डचे असलेले संबंध क्वीन्सबेरीला खुपत होते. म्हणजे धनी आणि नोकर रात्री वाइल्डचे संवाद बोलत आणि त्याच काळात त्याच्याभोवती जाळे विणत होते! डग्लसला लिहिलेले वाइल्डचे एक पत्र आधीच पैसे उकळणाऱ्यांच्या हाती पडले होते. क्वीन्सबेरीशी झालेल्या खटल्यात तेही कोर्टात वाचले गेले. ५ एप्रिलला वाइल्डला अटक झाली. नाटक चालू राहिले, जाहिरातींवरून लेखकाचे नाव मात्र उडाले. २५ मे रोजी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

ब्रुकफील्डला पुढे बक्षीसच मिळाले म्हणायचे. १९११ साली त्याची नाटकांच्या सरकारी परीक्षकपदी नेमणूक झाली, तीही स्वतःच 'डिअर ओल्ड चार्ली'सारखे चावट नाटक लिहून बसलेला असताना. हा दांभिकपणा वाइल्डनेही रचला नसता.

या साऱ्यात वाइल्डची बायको कॉन्स्टन्स हिच्याकडे कोण पाहते? तिने मुलांसह परदेश गाठला आणि हॉलंड आडनाव घेतले. तरीही १८९६च्या फेब्रुवारीत, सासू गेल्याची बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून, ती जिनोआहून रेडिंगच्या तुरुंगात नवऱ्याला भेटायला आली. सुटकेनंतर वर्षाला दीडशे पौंड द्यायचे तिने कबूल केले, अट घालून. १८९७च्या सप्टेंबरात वाइल्ड आणि डग्लस नेपल्सजवळ पुन्हा एकत्र राहू लागले. विझलेले पुन्हा पेटले. अट मोडली म्हणून कॉन्स्टन्सने पैसे बंद केले. वर्ष संपण्याआधीच ते दोघेही पांगले. ७ एप्रिल १८९८ला शस्त्रक्रियेनंतर ती जिनोआत वारली. थडग्यावर नवऱ्याचे नाव कोरले गेले ते १९६३ साली.

नाटकात एक पत्र जळते आणि चौथ्या अंकात सगळ्यांना क्षमा मिळते. पतीला देव मानू नये, त्याला माफ करावे, हा धडा बायकोनेच शिकायचा. मला ही क्षमा फार स्वस्त वाटते. कॉन्स्टन्सने तो धडा कुणी न शिकवता गिरवला होता, तुरुंगापर्यंत जाऊन. नेपल्सनंतर तिने हात आखडला म्हणून वाइल्डचे चाहते तिला आजही कठोर ठरवतात. माझ्या मते त्या सगळ्या गोतावळ्यात दिलेला शब्द पाळणारी ती एकटीच होती.