माथेरानचे दोन दिवस आणि आठ हिस्से

"यंदा दिवाळीच्या सुट्टीत सगळे मिळून कुठेतरी दोन दिवस राहू या," असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा अम्मीने एकच प्रश्न विचारला. "तुझी आपा येईल का?"

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली होती. बडेभाई आणि अम्मी मिरजेच्या जुन्या घरात, मी पुण्यात, धाकटा पनवेलला, आपा सोलापूरला. चाचा मुंब्र्यात आणि फुफी त्यांच्या मुलाकडे कराडला. भेटी व्हायच्या त्या लग्नात नाहीतर मय्यतीत. लग्नात जेवणाच्या पंक्तीत गाठ पडायची, मय्यतीत खांदा देताना. निवांत बसून बोलणं असं राहिलंच नव्हतं. आपा तर अम्मीला भेटायला सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मुक्काम करायची नाही. का करत नाही, हे आम्हा तिघा भावांना ठाऊक होतं. आम्ही ते बोलत नव्हतो, एवढंच.

आपा येते म्हणाली. अम्मीने स्वतः फोन केला होता, म्हणून.

आता सत्तावीस माणसांची सोय कुठे करायची? सर्वांत लहान पाहुणी आठ महिन्यांची, सर्वांत मोठ्या फुफी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हॉटेलात गेलो तर प्रत्येक कुटुंब आपापल्या खोलीचं दार लावून बसणार. म्हणून माथेरानला एक जुना कौलारू बंगला दोन रात्रींसाठी भाड्याने घेतला. सहा खोल्या, लांबलचक व्हरांडा, मोठं स्वयंपाकघर आणि अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडावरचा तांब्याचा बंब.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे. तिथे मोटारींना बंदी आहे. सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी जा, घोड्यावर जा किंवा जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून छोट्या गाडीने जा. मुलांना मोकळं सोडायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण म्हाताऱ्या माणसांचं काय, ही चिंता होती. दस्तुरीला हातरिक्षावाले पुढे आले तेव्हा फुफींनी साफ नकार दिला. "माणसाने मला ओढायचं आणि मी वर बसायचं? माझ्याच्याने होणार नाही." मग दोघींना, अम्मीला आणि त्यांना, छोट्या गाडीत बसवलं.

गाडीत मी मुलांना सांगितलं, की नेरळ ते माथेरान ही सुमारे एकवीस किलोमीटरची रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि ती बांधणारे होते अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय. पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी दिला. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. खर्च त्या काळी सोळा लाख रुपये. मुलं खिडकीबाहेरची माकडं मोजत होती, पण चाचा ऐकत होते. ते म्हणाले, "मुलाने बापाचा पैसा असा लावला की अजून लोकांना उपयोगी पडतोय. नाहीतर बापामागे पैशावरून घरं मोडतात." आपा समोरच बसली होती. ती बाहेर बघत राहिली.

अशी जमवाजमव करताना काय लागतं, ते थोडं सांगतो. कुणाला उपयोग होईल.

पहिली गोष्ट, घर बघताना म्हाताऱ्यांच्या नजरेने बघावं. कमोड आहे का, रात्री वाटेत दिवा आहे का, पायऱ्या किती, गरम पाणी पहाटे मिळेल का. खालची खोली अम्मी आणि फुफींना आधीच ठरवून दिली होती, त्यामुळे आल्यावर खोल्यांवरून कुरबूर झाली नाही. औषधांचा एक डबा आणि कोणाला कोणती गोळी केव्हा, हा कागद धाकट्याच्या बायकोकडे दिला होता.

दुसरी गोष्ट सामान. तांदळाचं पोतं, डेग, गाद्यांवरच्या चादरी हे सगळं हमालांकडून न्यावं लागतं. मजुरी आधी ठरवावी आणि घासाघीस करू नये. ती लाल मातीची चढउतार आपण रिकाम्या हातांनी चालून बघावी, मग मजुरी जास्त वाटत नाही. खाण्याचं सामान उघडं ठेवू नये. आमचा पावांचा एक पुडा माकडांनी व्हरांड्यातून उचलला आणि समोरच्या झाडावर बसून आमच्यादेखत संपवला. मुलांना या सहलीतलं ते सर्वांत जास्त आठवतं.

नमाजसाठी दिवसाउजेडीच दिशा बघून ठेवली. आमच्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. मिरज, सोलापूर, पुण्याहून आलेले सगळे मुसाफिर, त्यामुळे कस्र. चाचा मात्र मुंब्र्याचे. तेवढ्या अंतरावर हनफी मसलकात माणूस मुसाफिर ठरत नाही. मग चाचांनाच इमाम केलं. मुकीम इमामामागे सगळ्यांनी पूर्ण चार रकात पढल्या आणि मुलांचा गोंधळ टळला.

तिसरी गोष्ट चुलीची. निघायच्या आधी माझी बायको म्हणाली होती, "डोंगरावर जाऊनही आम्ही चुलीपुढेच राहणार असू, तर मी घरीच बरी." शिक्षक माणूस, मी वेळापत्रक केलं. दोन्ही रात्रींचं जेवण आणि भांडी पुरुषांकडे, सकाळचा नाश्ता तरुण मुलामुलींकडे. बायकांना स्वयंपाकघरात यायला बंदी. पहिल्या रात्री बडेभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दालचा केला. चिंच जास्त पडली होती. पण अम्मीने दोनदा मागून घेतला. बऱ्याच वर्षांनी तिने गरम जेवण सगळ्यांच्या आधी, दस्तरखानाच्या मधोमध बसून खाल्लं. एरवी ती सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं घेऊन बसते. हे मी चाळीस वर्षं बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

चौथी गोष्ट हिशेब. एकूण खर्च धरला होता छप्पन्न हजार. चाचा आणि फुफी आमचे पाहुणे. आम्ही तिघे भाऊ प्रत्येकी चौदा हजार देणार, आपाकडून निम्मे, म्हणजे सात हजार. अम्मी म्हणाली, "माझ्या पेन्शनमधून मीही आपाएवढे देणार." पैशावरून मागे कुणी काही बोलू नये, म्हणून मी आपाच्या मुलीला, ती दहावीत आहे, सगळं एका मोठ्या कागदावर लिहायला सांगितलं. तिने स्केचपेनने आठ चौकोन काढले. प्रत्येक चौकोन सात हजारांचा. दोन बडेभाईंचे, दोन माझे, दोन धाकट्याचे, एक आपाचा, एक अम्मीचा. खाली रोजचा खर्च. कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. इथपर्यंत सगळं माझ्या वेळापत्रकाप्रमाणे झालं.

दुसऱ्या रात्री जेवणं आटोपली. मुलं व्हरांड्यात भेंड्या खेळत होती. मी आणि बडेभाई डेग घासत होतो, धाकटा ताटं विसळत होता. आपा फुफींसाठी गरम पाणी घ्यायला आली आणि दारावरच्या कागदापुढे थांबली.

"हे चौकोन कुणी काढले?"

"तुझ्याच मुलीने," मी म्हणालो. "हिशेब सोपा जावा म्हणून."

तिने बोट ठेवून मोजले. "तुमचे तिघांचे दोन-दोन. माझा एक. अम्मीचा एक." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मुलांना शिकवतोस. अब्बांच्या घराचे हिस्से करून बघ. किती होतात?"

माझा हात थांबला. हे गणित मला करता येत होतं. सूरह निसामध्ये वाटणी स्पष्ट दिली आहे. मुलंबाळं असली तर बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. तीन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे उरलेल्या सात आठवे भागांचे सात वाटे. मुलांना दोन-दोन, मुलीला एक. एकूण आठ. दारावर जे चौकोन होते, तेच.

"खर्चातला माझा चौकोन तू मला न विचारता काढलास," आपा म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मी दिले पैसे, आनंदाने दिले. पण घरातला माझा चौकोन पुसायला तुम्ही मला हक्कसोडपत्र पाठवलंत. त्यात लिहिलं होतं, स्वखुशीने. मसुदा तुझ्या अक्षरात होता. लहानपणी तुझं अक्षर मीच गिरवून घेतलंय, मला ओळखता येतं."

ते खरं होतं. अब्बांच्या चाळिसाव्यानंतर बडेभाई म्हणाले होते की कागद करून टाकू, आपा काही म्हणणार नाही. माझं मराठी चांगलं, म्हणून मसुदा मी लिहिला. 'कोणत्याही दबावाशिवाय, स्वखुशीने, माझा हक्क कायमचा सोडून देत आहे.' लिहिताना वाक्यरचना नीट झाली याचं मला समाधानही वाटलं होतं. आपाने सही केली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. कागद तिच्या कपाटात राहिला आणि ती मुक्कामाला येईनाशी झाली.

घरी हा विषय निघाला असता तर बडेभाई स्कूटर काढून बाहेर गेले असते. तो त्यांचा स्वभाव आहे. पण इथे रात्रीचे अकरा वाजले होते, हात कोपरापर्यंत राखेने माखलेले आणि कुठेही जायला गाडी नाही. ते पाटावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "घरात मी राहतो. अम्मीला मी बघतो. छप्पर मी बदललं, तेव्हा कुणी विचारलं नाही पैसे कुठून आणले. ते कुठे धरणार?"

"तेही लिही," आपा म्हणाली. "छपराचं लिही, अम्मीच्या दवाखान्याचं लिही. सगळं वजा कर. मी घर मोडायला सांगत नाही. माझा चौकोन कुठे आहे, तेवढं दाखवा."

तेवढ्यात फुफी दारात आल्या. पाणी मिळालं नाही म्हणून भिंत धरत धरत आल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मीही सही केली होती. तुमच्या दादांच्या जमिनीच्या वेळी. सगळे म्हणतात, बहिणीने माफ केलं. मला कुणी विचारलंच नव्हतं. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढंच कळत होतं. म्हणून केली."

चाचा त्यांच्या मागे उभे होते. ती जमीन चाचा आणि अब्बांमध्ये वाटली गेली होती. ते काही बोलले नाहीत. पण फुफींच्या खोलीत पाण्याची बादली त्यांनी स्वतः नेऊन ठेवली.

त्या रात्री कुठलाही निर्णय झाला नाही. गळाभेट झाली नाही, रडारड झाली नाही. डेग घासून झाली, आम्ही झोपलो. फजरला चाचांनी इमामत केली. सकाळी पाहिलं तर कागदाच्या मागच्या बाजूला बडेभाईंच्या अक्षरात छपराचा खर्च, साल घालून, लिहिलेला होता. त्याखाली पुन्हा आठ चौकोन.

नंतरचं थोडक्यात सांगतो. जानेवारीत घराची किंमत काढून घेतली. छपराचा खर्च सगळ्यांनी मान्य केला आणि वजा धरला. बडेभाई घरातच राहतील, आपाचा हिस्सा आम्ही तिघे मिळून हप्त्यांनी देणार, असं ठरलं. कागद पुन्हा मीच लिहिला, पण आधी आपाला वाचायला पाठवला. तिने दोन ठिकाणी शब्द बदलले. पहिला हप्ता दिला तेव्हा तिने 'राहू दे रे' म्हटलं नाही. नोटा मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि शुक्रिया म्हणाली. मला वाटतं तेच बरोबर होतं. चाचांनी फुफींच्या बाबतीत काय केलं, ते त्या दोघांमधलं आहे.

सिलए-रहमीवर मी शाळेत कितीदा तरी बोललो आहे. नातेवाइकांना जोडा, त्यांच्याकडे जा, त्यांना जेवू घाला. माथेरानलाही मी त्याच भावनेने सगळ्यांना बोलावलं होतं. दस्तरखान मोठा अंथरला की मनं आपोआप जुळतील, असं मला वाटत होतं. ज्या बहिणीचा हिस्सा आपण दाबून ठेवला आहे, तिला आग्रहाने वाढण्यात काय अर्थ, हे कळायला मला डोंगर चढावा लागला. तुमच्याही घरात कुठल्या कपाटात असा सही न झालेला, किंवा घाईने सही झालेला, कागद असेल, तर पुढच्या दावतीआधी तो बाहेर काढा. हिस्से मोजायला फार हुशारी लागत नाही. दहावीतल्या मुलीलाही जमतात.

परवा आपाचा फोन आला. मी विचारलं, या दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं, पाचगणीला बंगला बघू का?

"डोंगर नको आता," ती म्हणाली. "फुफींना चढ झेपत नाही. मिरजेला जमू. आपल्या घरी."