एकाच हंड्यातले रंग

रंगसंगती साधावयाची म्हणजे पुष्कळ रंग जमवावयाचे, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. धार जिल्ह्यातील बाग येथील छापकामाने ती घालविली. तेथील खत्री बंधूंच्या परंपरागत कापडावर मुळात दोनच रंग, तांबडा आणि काळा. पांढरा तिसरा म्हणावा, तर ते कापडच होय. तरीही त्या कापडाला कोणी दरिद्री म्हणणार नाही.

बागजवळच्या लेण्यांत जुन्या चितार्‍यांनी भिंती रंगविल्या. त्यांच्या नकला १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदींनी उतरून घेतल्या. भिंतीवर रंगविणार्‍याला फिकट छटा हवी असेल तर तो गेरूत पांढरा मिसळतो. छिप्याजवळ पांढरा रंग नसतो. मग त्याने गुलाबी आणावा कोठून?

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. छिपा ठशाने कापडावर जे उमटवितो, तो रंग नव्हेच. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवितात. जेथे तांबडे हवे तेथे चिंचोक्याच्या खळीतली तुरटी छापतात. जेथे काळे हवे तेथे गूळ घालून मुरविलेले लोखंडाच्या गंजाचे पाणी खळीत कालवून छापतात. पुढे वाहत्या पाण्यात धुऊन ते कापड तांब्याच्या हंड्यात अलिझरीन व धावडीची फुले घालून उकळतात. हंड्यात रंग एकच. पण तुरटी त्यातला तांबडा धरते, लोखंड काळा धरते, आणि जेथे काही छापलेले नाही तेथे तो टिकत नाही. मिसर देशातील रंगार्‍यांची हीच युक्ती पाहून प्लिनी हा रोमन ग्रंथकार पहिल्या शतकात चकित झाला होता. पूर्वी हा तांबडा मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांतून काढीत. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन कृत्रिम रीतीने तयार केले.

तेव्हा फिकट छटा हवी तर हंड्यातला रंग नव्हे, खळीतली तुरटी कमी करावयाची. आम्ही वर्गात मुलांकडून हे करून घेतले आणि पहिल्याच दिवशी फसलो. तुरटी दहा ग्रॅम, मग आठ, सहा, चार, दोन, अशी सारख्या हिशेबाने उतरविली. पहिले तीन ठसे जुळ्या भावंडांसारखे निघाले आणि शेवटचा एकदम फिका! चूक गणिताची होती. डोळा वजाबाकी करीत नाही, तो प्रमाण पाहतो. दुसर्‍या खेपेस सोळा, आठ, चार, दोन अशी दर वेळी निम्मी तुरटी घेतली, तेव्हा डाळिंबीपासून फिक्या गुलाबीपर्यंत पायर्‍या नीट उतरल्या. घराच्या भिंतीचा रंग पांढर्‍यात कालविताना हाच हिशेब धरावा.

गडद छटेसाठी तुरटीच्या खळीत लोखंडाचे पाणी थोडे थोडे घालावे. तांबडा आधी मातकट होतो, मग तपकिरी, मग जवळजवळ काळा. नुसते लोखंडाचे पाणी पातळ करून छापले तर जांभळट करडा मिळतो. असे दोन डबे, आणि छटा हव्या तेवढ्या. सगळ्या एका घराण्यातल्या असल्यामुळे एकमेकींशी भांडत नाहीत. बाजारातल्या दहा भडक डब्यांना ते साधत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र गडदपणाची किंमत मोजावी लागते. लोखंड सुताला हळूहळू खाते. आमच्या आजीच्या पेटीतली छापील चादर उलगडली, तेव्हा तांबडी फुले शाबूत होती आणि काळ्या रेघांच्या जागी बारीक चिरा पडल्या होत्या. म्हणून मुलीच्या रुखवतासाठी कापड छापून घेणार्‍या आयाबहिणींना आम्ही सांगतो की काळा बारीक रेघेपुरता ठेवा, मोठी जागा तांबड्याला आणि त्याच्या फिक्या छटांना द्या, आणि पुष्कळसे कापड मोकळे सोडा.

आणखी एक. नमुना हंड्यातून निघताच पसंत करू नये. ओले कापड वाळल्यापेक्षा गडद दिसते. धुऊन, उन्हात वाळवून, दुसर्‍या दिवशी सकाळी उजेडात पाहावे, आणि त्याचा तुकडा तुरटीचे वजन लिहून वहीत चिकटवावा.