थ्री-नॉट-थ्रीचा जन्मदाखला

२००८ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा काही पोलिसांच्या हाती ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफली होत्या. हा नमुना ब्रिटनमध्ये १९०७ साली स्वीकारला गेला. अशी एखादी रायफल परदेशी की देशी, आणि परदेशी असल्यास ती भारतात कधी आली, हे आपण कसे ओळखणार?

लाकडी दस्ता जिथे सुरू होतो, तिथल्या लोखंडावर कारखान्याचे नाव आणि वर्ष ठोकलेले असते. ‘एनफिल्ड’ म्हणजे इंग्लंड, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलिया, ‘इशापूर’ म्हणजे बंगाल. मात्र हे वर्ष बनावटीचे, आगमनाचे नव्हे. बाणाच्या खुणेखाली ‘आय’ हे इंग्रजी अक्षर दिसले, तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची झाली होती, एवढे कळते. समजा, एनफिल्डचे वर्ष १९१६ आणि इशापूरच्या दुरुस्तीचे १९४५ आहे. तर रायफल या दोहोंच्या दरम्यान इथे आली. नेमके साल शस्त्रागाराच्या नोंदवहीतच शोधावे लागते. बोल्टचा आणि रायफलीचा क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. जुळत नसेल, तर भाग बदललेला आहे.

नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेबाबतही असेच आहे. तिच्यावर साल १७२१ चे. पण पोर्तुगीजांची ही घंटा मराठ्यांच्या हाती आली ती १७३९ च्या वसईविजयानंतर.

हा अभ्यास शिकवायला बंदूक लागत नाही. कासारसाईसारख्या गावातही एखाद्या घरी जुने शिलाई मशीन सापडेल. त्यावरील क्रमांक मुलांना उतरवून घ्यायला सांगू. ते कुठे व कधी बनले, याचा शोध क्रमांकावरून घेता येईल; घरात कधी आले, हे मात्र आजीला विचारावे लागेल किंवा जुनी पावती शोधावी लागेल.