२५-६ वर सामना संपवायचा का?

एक छोटासा प्रश्न. तुमची टीम २५-६ अशी मागे आहे. नऊपैकी फक्त चार इनिंग्ज झाल्यात. कॅप्टन तुम्ही आहात. काय कराल? हात जोडून ‘चला, घरी जाऊ’ म्हणाल की पुढची इनिंग खेळाल?

उत्तर लगेच देऊ नका. आधी बेसबॉलचे तीन सामने ऐका. बेसबॉल कळत नसेल तरी चालेल, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये एक टीम एका सामन्यात साधारण चार-पाच धावा करते. म्हणजे दहा धावा झाल्या तरी ती धुलाईच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या खेळात ओव्हर्स नसतात. तीन आउट झाले की इनिंग संपते, आणि तीन आउट मिळेपर्यंत ती संपतच नाही.

हा फरक साधा वाटतो, पण तसा नाहीये. १५ एप्रिल २०२४ ची आयपीएल मॅच आठवा. बंगळूरमध्ये हैदराबादने २८७ ठोकल्या आणि बंगळूरनेही उत्तरात २६२ केल्या. बॉलर्सचे हाल झाले, पण त्यांना एक दिलासा होता : वीस ओव्हर्स झाल्या की मार थांबणार. बेसबॉलच्या पिचरला तेवढाही दिलासा नसतो. त्याची सुटका फक्त आउट काढूनच होते.

तीसचा तडाखा

२२ ऑगस्ट २००७. बॉल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स मैदान. यजमान ओरिओल्ससाठी दिवस छान सुरू झाला होता. हंगामी मॅनेजर डेव्ह ट्रेम्बली पुढच्या सीझनलाही कायम राहणार, अशी घोषणा त्याच दिवशी झाली होती. समोर होती टेक्सास रेंजर्स. तीन इनिंग्जनंतर ओरिओल्स ३-० ने पुढे!

मग चौथ्या इनिंगमध्ये रेंजर्सने ५ धावा केल्या. सहावीत ९, आठवीत १० आणि नववीत ६. झाल्या ३०. गंमत बघा, उरलेल्या पाच इनिंग्जमध्ये त्यांची एकही धाव नाही. म्हणजे तीसच्या तीस धावा फक्त चार इनिंग्जमध्ये! फायनल स्कोअर ३०-३. मेजर लीगमध्ये एका टीमने तीस धावा करण्याची १८९७ नंतरची ही पहिलीच वेळ होती.

त्यातही सगळ्यात जास्त चोपलं कुणी? बॅटिंग ऑर्डरमधल्या शेवटच्या दोघांनी. जॅरड सॉल्टलामाकिया आणि रमोन वास्केझ यांनी प्रत्येकी दोन होमरन मारले आणि प्रत्येकी सात धावा मिळवून दिल्या. वर आणखी एक किस्सा. बेसबॉलमध्ये सामना ‘वाचवणाऱ्या’ पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ लागतो. साधारणपणे तो अटीतटीच्या सामन्यात मिळतो. पण नियमानुसार शेवटच्या तीन इनिंग्ज नीट टाकून सामना संपवला, तर आघाडी कितीही असली तरी सेव्ह मिळतो. त्यामुळे रेंजर्सच्या वेस लिटलटनला २७ धावांनी जिंकलेल्या सामन्यात सेव्ह मिळाला!

आणि ओरिओल्सचं काय? त्यांना त्याच दिवशी, त्याच टीमविरुद्ध दुसरा सामना खेळायचा होता. तोही ते ९-७ ने हरले. पण ३०-३ नंतर पुन्हा मैदानात उतरून सात धावा करणं काही खायचं काम नाही.

दुसरी बाजू

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. २५-६ हा आकडा काल्पनिक नाहीये. २५ ऑगस्ट १९२२ ला शिकागोत, आज ज्याला रिग्ली फील्ड म्हणतात त्या मैदानावर, शिकागो कब्सने फिलाडेल्फिया फिलीजची चौथ्या इनिंगनंतर हीच अवस्था केली होती. दुसऱ्या इनिंगमध्ये १० आणि चौथीत १४ धावा.

फिलीज मात्र खेळत राहिले. पाचवीत ३ आल्या, मग दोन इनिंग्ज कोरड्या गेल्या. आठवीत ८ आल्या, नववीत आणखी ६. स्कोअर २६-२३, तिन्ही बेसवर फिलीजचे खेळाडू उभे. आता एक होमरन आणि फिलीज पुढे! तेवढ्यात शेवटचा आउट गेला आणि कब्स वाचले. दोन्ही टीम्सच्या मिळून ४९ धावा झाल्या. शंभर वर्षं उलटली, तरी मेजर लीगमध्ये हा विक्रम मोडलेला नाही. फिलीजच्या हिट्स तर कब्सपेक्षा एकने जास्तच होत्या.

याच दोन टीम्स, हेच मैदान, १७ मे १९७९. वारा प्रेक्षकांच्या दिशेने वाहत होता. असा वारा असला की रिग्ली फील्डवर उंच उडालेला बॉल हातात यायच्या ऐवजी थेट स्टँडमध्ये जातो. पहिल्याच इनिंगमध्ये फिलीज ७, कब्स ६. त्या दिवशी एकूण ११ होमरन झाले, त्यातले तीन एकट्या डेव्ह किंगमनचे.

पाचव्या इनिंगच्या मध्यावर कब्स २१-९ ने मागे होते. त्यांनी त्याच इनिंगमध्ये ७ धावा काढल्या, सहावीत ३, आठवीत ३. स्कोअर झाला २२-२२! सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला. कब्सचा पिचर होता ब्रूस सटर, ज्याला त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार मिळाला. त्याला फिलीजच्या माइक श्मिटने होमरन मारला. फिलीज २३, कब्स २२. बारा धावांची दरी भरून काढली आणि एका धावेने हरले.

दयेचा नियम

वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांमधल्या स्पर्धेत ‘मर्सी रूल’ आहे. पाच इनिंग्जनंतर १५ किंवा सात इनिंग्जनंतर १० धावांचा फरक असेल तर सामना तिथेच थांबतो. मेजर लीगमध्ये असा नियम नाही. तो असता तर? १९२२ च्या सामन्यात पाच इनिंग्जनंतर स्कोअर होता २५-९. फरक सोळाचा. खेळ खल्लास! फिलीजच्या पुढच्या १४ धावा झाल्याच नसत्या. पण २००७ चा सामनाही सात इनिंग्जनंतर १४-३ वर थांबला असता आणि ओरिओल्सला शेवटच्या १६ धावांचा मार चुकला असता.

म्हणजे जो दरवाजा उघडा राहिल्यामुळे फिलीज परत येऊ शकले, त्याच दरवाजातून ओरिओल्सवर संकट आलं. एक हवं आणि दुसरं नको, असं करता येत नाही.

दुसरी बाजूही खोटी नाही. मेजर लीगच्या सीझनमध्ये एका टीमला १६२ सामने खेळायचे असतात आणि पिचरचा खांदा काही मशीन नाही. म्हणून हरत असलेल्या सामन्यात मॅनेजर कधी कधी भलत्याच खेळाडूला पिचिंगला उभं करतात. २०२३ पासून त्यावर बंधन आलं. नऊ इनिंग्जच्या आत हरणाऱ्या टीमला असा खेळाडू उभा करायचा असेल, तर किमान आठ धावांची पिछाडी हवी. काहींना ही शरणागती वाटते, काहींना उद्याची तयारी. मला वाटतं, पिचरचा खांदा जरूर वाचवा, पण तुमचे बॅटर्स तर ताजे आहेत ना? त्यांनी का थांबायचं? १९७९ च्या कब्सने नेमकं तेच दाखवलं.

तर आता सांगा कॅप्टन, २५-६ आहे आणि बॅटिंग तुमची आहे. काय करताय?