पहाटेचा सामूहिक धावण्याचा सराव आणि आहार

पहाटेचा सामूहिक धावण्याचा सराव म्हणजे सूर्योदयापूर्वी किंवा सूर्योदयाच्या सुमारास गटाने नियमित धावण्याची प्रशिक्षणपद्धती होय. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत, पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण-तरुणी या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करतात. सरावाचे प्रमाण वाढते तशी शरीराची अन्नाची गरजही वाढते. ती दीर्घकाळ भागली नाही, तर वेग वाढण्याऐवजी घटतो आणि हाडांच्या दुखापती, मासिक पाळीतील अनियमितता यांसारखे विकार उद्भवू शकतात. त्यामुळे क्रीडाविज्ञानात आहार हा सरावाचाच एक भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

उमरगा हे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण सोलापूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, कर्नाटकच्या सीमेजवळ आहे. या अवर्षणप्रवण भागातील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून असून ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन ही तेथील महत्त्वाची पिके आहेत. उत्पन्नाच्या या अनिश्चिततेमुळे नियमित वेतनाच्या सरकारी नोकरीला ग्रामीण कुटुंबांत मोठे महत्त्व आहे.

उन्हाळ्यात या भागातील दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. त्यामुळे धावण्यासाठी पहाटेची वेळ सोयीची ठरते. येथे मेच्या अखेरीस सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास, तर जानेवारीत सातच्या सुमारास होतो. म्हणजेच हिवाळ्यात पाच-साडेपाचला सुरू झालेला सराव बराच वेळ अंधारातच चालतो.

भरतीतील मैदानी चाचणी

२०२२ नंतरच्या भरती प्रक्रियेत महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्यास २० गुण असून १०० मीटर धावणे व गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण आहेत. मैदानी चाचणीत किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात आणि त्यातून गुणानुक्रमे निवडलेले उमेदवारच लेखी परीक्षेस पात्र ठरतात.

१६०० मीटरमध्ये पूर्ण गुण मिळवण्यासाठी अंतर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पार करावे लागते. ४०० मीटरच्या धावपट्टीवर याचा अर्थ प्रत्येक फेरी सरासरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पूर्ण करणे असा होतो. वेळ थोडा वाढला तरी गुण कमी होतात. या काही सेकंदांसाठी उमेदवार अनेक महिने कठोर सराव करतात.

सामूहिक सरावाचे स्वरूप

इतरांच्या सहवासात कामगिरी सुधारते, याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलस्वारांच्या नोंदींवरून केला होता. धावण्याच्या गटातही नियमितपणा टिकतो, वेळ नोंदवण्यास सोबती मिळतो आणि अंधारात, विशेषतः मुलींना, सुरक्षितता लाभते. महामार्गालगतच्या गावांत वाहनांच्या वर्दळीमुळे रस्त्याऐवजी मैदानावर धावणे, अन्यथा समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने एका रांगेत व फिकट रंगाचे कपडे घालून धावणे हितावह ठरते.

गटाची एक मर्यादाही आहे. सर्वांत वेगवान धावपटूचा वेग सर्वांचा वेग बनला, तर नवोदितांसाठी प्रत्येक दिवस स्पर्धेचा होतो. आठवड्यातील बहुतेक धावणे सहज बोलता येईल इतक्या मंद गतीने आणि दोन-तीन दिवसच वेगाचा सराव, अशी विभागणी सामान्यतः केली जाते.

ऊर्जेचा हिशेब

सपाट जमिनीवर धावताना शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे प्रतिकिलोमीटर सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. ६० किलो वजनाचा धावपटू १० किलोमीटर धावल्यास सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च करतो. साधारण ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीतून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे केवळ त्या धावण्याची भरपाई करण्यासाठी नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त तीन भाकरींइतके अन्न लागते.

वेगाने धावताना मुख्य इंधन कर्बोदकांचे असते. ती स्नायूंमध्ये व यकृतात ग्लायकोजनच्या रूपात साठवली जातात. हा साठा मर्यादित असून रोजच्या अन्नातून भरून काढावा लागतो. दररोज सुमारे तासभर सराव असल्यास प्रतिकिलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम, तर एक ते तीन तासांचा तीव्र सराव असल्यास ६ ते १० ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली जाते. ६० किलोच्या धावपटूसाठी पहिले प्रमाण दिवसाला ३०० ते ४२० ग्रॅम होते. एका भाकरीतून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके मिळत असल्याने भाकरीला भात, पोहे, केळी, गूळ, रताळी यांची जोड द्यावी लागते.

सरावापूर्वीचा आहार

रात्रीच्या झोपेत मेंदूला लागणारी साखर यकृतातील ग्लायकोजनमधून पुरवली जाते. त्यामुळे पहाटे यकृताचा साठा कमी झालेला असतो. स्नायूंमधील साठा मात्र, आदल्या दिवशी पुरेसे जेवण झाले असल्यास, बराचसा शिल्लक राहतो. म्हणून तासाभरापेक्षा कमी वेळाचे मंद धावणे पाणी पिऊन उपाशीपोटी करता येते. वेगाच्या फेऱ्या किंवा लांब पल्ल्याच्या दिवशी ३० ते ६० मिनिटे आधी एखादे केळे, दोन-तीन खजूर किंवा गुळाचा खडा घेणे उपयुक्त असते. तेलकट पदार्थ व मूठभर शेंगदाणे पचण्यास वेळ घेतात, त्यामुळे ते धावण्यानंतर घेणे योग्य.

पहाटेच्या सरावाची तयारी आदल्या रात्रीच्या जेवणापासून सुरू होते. हलके राहण्यासाठी रात्री उपाशी झोपणे आणि सकाळी वेगाचा सराव करणे हा टाळण्याजोगा प्रकार आहे.

सरावानंतरचा आहार

धावण्यानंतर तास-दोन तासांत कर्बोदके व प्रथिने असलेली न्याहारी घ्यावी, असे सुचविले जाते. मराठवाड्यात चुरमुऱ्यांपासून केला जाणारा सुशीला, पोहे, उप्पीट किंवा भाकरी यांसोबत दूध, उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी किंवा भिजवलेले हरभरे यांनी ही गरज भागते. सराव आटोपून थेट अभ्यासिकेत किंवा कामावर जाणाऱ्या उमेदवारांची न्याहारी चुकते व पहिले जेवण दुपारी होते. अशांनी डबा सोबत ठेवणे उपयोगी ठरते.

नियमित सराव करणाऱ्यांसाठी दिवसाला प्रतिकिलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत ते भरपूर असते. त्यामुळे भाकरीसोबत तुरीचे वरण किंवा उसळ घेतल्यास दोन्ही परस्परपूरक ठरतात. पुरेसे दूध, डाळी, शेंगदाणे व अंडी आहारात असल्यास महागड्या प्रथिन पावडरची सहसा आवश्यकता नसते.

जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते, तर लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्वामुळे ते वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे धावणाऱ्या मुलींनी हिमोग्लोबिनची तपासणी करून घेणे महत्त्वाचे आहे.

उपवासाच्या दिवशी मंद सराव किंवा विश्रांती ठेवली जाते. साबुदाणा, वरी, रताळी यांतून कर्बोदके मिळतात; प्रथिनांसाठी त्यांसोबत दूध, दही, राजगिरा व शेंगदाणे घेता येतात. निर्जळी उपवासात कठोर सराव धोकादायक ठरतो.

अपुऱ्या आहाराचे परिणाम

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता ही संकल्पना मांडली व २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्यात सुधारणा केली. सरावात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता उरलेली ऊर्जा शरीराच्या मूलभूत कार्यांना पुरेनाशी झाली, की शरीर त्या कार्यांत काटकसर करते. पाळी अनियमित होणे किंवा बंद पडणे, हाडांना ताणाने बारीक तडे जाणे, वारंवार आजारपण, चिडचिड, झोप बिघडणे आणि सराव करूनही वेळ न सुधारणे ही तिची लक्षणे आहेत. ही स्थिती पुरुषांमध्येही आढळते.

ॲन लाउक्स व जीन थुमा यांच्या २००३ मधील अभ्यासात, ही उरलेली ऊर्जा चरबीविरहित वजनाच्या प्रतिकिलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीपेक्षा कमी झाल्यावर तरुण स्त्रियांच्या प्रजनन संप्रेरकांच्या स्रवणात बिघाड दिसला. सुमारे ४५ किलोकॅलरी हे प्रमाण पुरेसे मानले जाते. ५० किलो वजनाच्या, ४० किलो चरबीविरहित वजन असलेल्या व रोज ८ किलोमीटर धावणाऱ्या मुलीस या हिशेबाने सुमारे २२०० किलोकॅलरी लागतात. ती १६०० किलोकॅलरींहून कमी घेत राहिल्यास धोक्याच्या मर्यादेखाली जाते. हे आकडे मार्गदर्शक असून व्यक्तीनुसार बदलतात. पाळी सलग तीन महिने न येणे किंवा नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखत राहणे, अशा वेळी सराव थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

चाचणीचा दिवस

परगावी होणाऱ्या चाचणीसाठी उमेदवारांना रात्रीचा प्रवास, अपुरी झोप व मैदानावरील दीर्घ प्रतीक्षा यांना तोंड द्यावे लागते. अशा वेळी सरावात आधी वापरून पाहिलेले व सहज पचणारे अन्न आणि पाणी सोबत ठेवणे, तसेच नवा पदार्थ किंवा उत्तेजक पेय टाळणे योग्य ठरते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि उष्म्यातील चाचण्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. धावताना भोवळ, छातीत दुखणे, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घेणे गरजेचे असते.