‘न वापरलेले’ क्रेडिट कार्ड आणि गृहकर्ज : एका विशेषणाची चिकित्सा

गृहकर्जासाठी अर्ज करावयाचे ठरले म्हणजे पुष्कळांस प्रथम सुचते ते हे की, कपाटात पडून राहिलेली क्रेडिट कार्डे बंद करून टाकावीत. ह्यामागील तर्क घरगुती आहे : जिचा वापर नाही ती वस्तू अडगळ होय. परंतु ज्या अहवालावरून बँक अर्जदाराची पत पाहते, तेथे हा तर्क चालत नाही. ‘न वापरलेले’ हे एकच विशेषण आपण तीन भिन्न अवस्थांना लावतो आणि त्यांचे परिणामही भिन्न असतात, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

पहिली अवस्था अशी की, कार्ड हाती आले, परंतु ते सुरूच केले गेले नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांत ह्या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ते सुरू झाले नाही, तर बँकेने ग्राहकाची संमती मागावी; ती न मिळाल्यास कामाच्या ७ दिवसांत, कोणताही आकार न घेता, खाते बंद करावे; आणि कार्ड सुरू होण्यापूर्वी त्याची माहिती सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांस कळवू नये, असे त्यात सांगितले आहे. अहवालाच्या दृष्टीने असे कार्ड जन्मासच आलेले नसते.

दुसरी अवस्था अधिक महत्त्वाची आहे. कार्ड पूर्वी वापरले, बाकी चुकती केली, आणि आता ते पडून आहे. पाणिनीच्या व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य होते, हे भाषेच्या अभ्यासकांस परिचितच आहे. येथेही कार्ड दिसत नाही, परंतु त्याची मर्यादा हिशेबात कार्य करीत राहते. समजा, एका गृहस्थाजवळ तीन कार्डे आहेत आणि त्यांच्या मर्यादा अनुक्रमे १,००,०००, १,५०,००० व ५०,००० रुपये आहेत. पहिल्यावर ६०,००० रुपयांची बाकी असून उरलेली दोन निष्क्रिय आहेत. एकूण ३,००,००० रुपयांच्या मर्यादेशी ह्या बाकीचे प्रमाण २० टक्के पडते. अर्जापूर्वी ‘स्वच्छता’ म्हणून ती दोन कार्डे बंद केली की तेच प्रमाण ६० टक्के होते. कर्ज एका रुपयानेही वाढलेले नाही. परंतु अहवालात हा मनुष्य आपली पत बहुतांशी खर्चून बसलेला दिसतो. हे प्रमाण साधारणतः ३० टक्क्यांच्या आत असावे, असा संकेत रूढ आहे. ३०० ते ९०० ह्या मोजपट्टीवरील गुणांक त्यामुळे नेमका किती उतरेल हे सांगता येत नाही, कारण त्याचे संपूर्ण सूत्र प्रसिद्ध केले जात नाही. उतरण्याची दिशा मात्र निःसंशय आहे. (ह्या गुणांकास लोक नुसते ‘सिबिल’ म्हणतात. कंपनीचे विशेषनाम इतक्या लवकर सामान्यनाम झाल्याचे हे उदाहरण नोंदण्याजोगे आहे.)

तिसरी अवस्था फसवी होय. कार्डावर खरेदी नाही, परंतु वार्षिक आकार पडत राहतो. तो न भरल्यास थकबाकी होते, तीवर विलंबशुल्क चढते, आणि किरकोळ रकमेची ही थकबाकी अहवालात शिरून नेमकी गृहकर्जाच्या वेळी पुढे येते. ‘मी ते वापरतच नाही’ हे उत्तर तेथे निरुपयोगी ठरते.

येथे स्वस्थ बसणे हाही एक निर्णयच आहे. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकास कळवून, ३० दिवसांत उत्तर न आल्यास, बंद करण्याची तरतूद त्याच निर्देशांत होती. म्हणून विनाशुल्क आणि जुने कार्ड अर्जाच्या काळात टिकवावयाचे असेल, तर त्यावर अधूनमधून लहानशी खरेदी करून ती रक्कम मुदतीत भरावी. शुल्काचे कार्ड नकोच असेल, तर आधी इतर कार्डांवरील बाकी फेडावी आणि मग ते बंद करावे; घाई नसल्यास कर्जाची रक्कम हाती पडेपर्यंत थांबणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नवे कार्ड मात्र ह्या काळात मागू नये, कारण त्या अर्जाची चौकशीही अहवालात नोंदली जाते.

कार्ड कात्रीने कापल्याने खाते बंद होत नाही. तशी विनंती करावी लागते. येणे बाकी नसता कामाच्या ७ दिवसांत खाते बंद न केल्यास बँकेने ग्राहकास दररोज ५०० रुपये द्यावेत, असा दंडही २०२२ च्या निर्देशांत घातलेला होता. त्यानंतर अहवाल मागवून त्या खात्यापुढे ‘बंद’ अशी नोंद पडली आहे काय, हे पाहावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच ठरवून दिले आहे.